हौसाक्का सुईणीची हद्दपारी

एका जंगलात झाडं होती.

हसू नका, मुलांनो. हे मुद्दाम सांगावं लागतं. तुम्ही पाहिलेल्या जंगलात कमान असते, पाटी असते, चहाची टपरी असते. या जंगलात नुसती झाडंच होती. इतकी दाट, की भरदुपारी घुबडं फसायची आणि रात्र झाली समजून जागी व्हायची.

या जंगलावर पट्टेराव महाराज नावाचा वाघ राज्य करायचा. महाराज प्रजेवर फार जीव टाकत. भूक लागली की झडपही टाकत. पण ते असो. राजाचं कौतुक करताना तपशिलात शिरू नये.

याच जंगलात हौसाक्का राहायची. हौसाक्का जातीनं सायाळ आणि धंद्यानं सुईण. अंगभर काटे असलेल्या बाईला बाळंतपणाला कोण बोलावतं, असं तुम्हाला वाटेल. पण काटे पाठीला होते आणि बाळ काही कुणी पाठीनं धरत नाही. तिचे पंजे मऊ होते. तोंड मात्र पाठीसारखंच होतं. कळा देणाऱ्या सशिणीला ती दरडावायची, "वरडून काय हुतंय? जोर लाव!" आणि बाळ बाहेर आलं की कोपऱ्यात तोंड करून गुपचूप डोळे पुसायची.

तिच्या आधीच्या काळात त्या जंगलात पिल्लं व्हायची पुष्कळ आणि जगायची थोडी. पिल्लू आपल्या पायांनी उडी मारेपर्यंत आया त्याला नावच ठेवत नसत. नाव ठेवलं की नंतर रडू जास्त येतं.

हौसाक्कानं काय केलं? रिठ्याच्या पाण्यानं पंजे धुवायला लागली. बाळाखाली कोरडा पाचोळा घालायला लागली. बाळंतिणीला नाचणीची पेज पाजायला लागली. बघायला आलेल्या आत्याबाईंनी बाळाला चाटायचं नाही, असं बजावायला लागली. आत्याबाई रुसल्या. पिल्लं जगली.

पिल्लं जगायला लागली तशा आया लवकर नावं ठेवायला लागल्या. जंगलभर हौसाक्काच्या हातगुणाचं नाव झालं. पट्टेराव महाराजांनी तर तिचा जाहीर सत्कार केला. शेला दिला. नारळ दिला.

"प्रजा वाढली की राजाचं बळ वाढतं," महाराज भाषणात म्हणाले. बोलताना ते पुढच्या रांगेतल्या गुबगुबीत सशांकडे बघत होते. सशांना वाटलं, केवढी ही माया.

आता त्या जंगलात एक जुनी चाल होती. नव्या जिवाला नवं झाड. म्हणजे प्रत्येक बाळाला ताज्या तोडलेल्या झाडाचा स्वतःचा पाळणा. थोरल्याचा पाळणा धाकट्याला चालत नसे. शेजारणीचा तर नाहीच नाही. "दुसऱ्याच्या पाळण्यात निजवायला आम्ही काय भिकारी आहोत?" असं म्हणायचे सगळे.

पाळण्याचं झाड पाडून द्यायचं काम सोंडाजीशेठ करायचे. सोंडाजीशेठ म्हणजे हत्ती. नदीकाठी त्यांची लाकडाची वखार होती. बारसं कुणाचंही असो, शेठ स्वतः जायचे, सोंडेत कुऱ्हाड धरून झाड पाडायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. समाजसेवा हो, दुसरं काय?

सशाच्या बाळाचा पाळणा असून असून केवढा असणार? तळहाताएवढा. आणि झाड आभाळाएवढं. मग उरलेल्या झाडाचं काय व्हायचं? ते शेठ जड मनानं वखारीत न्यायचे आणि नदीत सोडून पलीकडच्या मुलखात धाडायचे. पलीकडचा मुलूख फार गरजू होता. तिथे खुर्च्या कमी होत्या.

त्याच झाडाचा एक ओंडका हौसाक्काच्या दारात येऊन पडायचा. सुईणीचा मान म्हणून. पहिल्यांदा ओंडका आला तेव्हा ती लाजली. मग सवय झाली. मग एखाद्या वेळी ओंडका बारका आला तर तिच्या कपाळाला आठी पडू लागली. तिच्या बिळापुढे ओसरी झाली, ओसरीला कठडा झाला. संध्याकाळी कठड्याला टेकून ती पान खायची आणि समोर बघायची. समोर आताशा बरंच लांबपर्यंत दिसायचं. तिला वाटायचं, आपली नजर सुधारली.

तर मुलांनो, झाडं कमी होत गेली. मोठी झालेली पिल्लं संसार मांडायची. संसाराला बीळ लागतं, बिळाला कुंपण लागतं, चुलीला सरपण लागतं. आणि वखारीला तर किती लागतं, हे वखारीलाच ठाऊक नव्हतं.

पण त्याच सुमाराला आणखी एक गंमत होत होती. ती कुणाच्या ध्यानात आली नाही.

तानी नावाची एक सशीण होती. हौसाक्कानं तिला स्वतःच्या पंजांनी जगात आणलं होतं. तानीला पहिल्याच खेपेला तीन पिल्लं झाली आणि तिन्ही जगली. बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी तानी पेज पिता पिता म्हणाली, "आक्का, बास झालं बया आता. माझ्या आईला चौदा झाली तवा कुठं मी एकटी राहिले. माझी तिन्ही जगली. मग कशाला उगाच जीव काढायचा?"

"बरं हाय की," हौसाक्का म्हणाली. "मलाबी झोप मिळंल."

असं म्हणणाऱ्या तानीसारख्या आणखीही पुष्कळ सशिणी निघाल्या. त्यांचं म्हणणं कुठे कोरलं गेलं नाही. पेज पिता पिता बोललेलं कोण कोरतं?

मग एका उन्हाळ्यात भलतंच घडलं. पट्टेराव महाराज आपल्या शिळेवर दुपारची वामकुक्षी घेत होते आणि त्यांच्या नाकावर ऊन पडलं.

आजवर त्या नाकावर ऊन पडलं नव्हतं. प्रजेच्या नाकावर पडून बरीच वर्षं झाली होती, ओढा आटून दोन वर्षं झाली होती, माकडं जमिनीवरून चालायला लागली होती. पण ती काही आणीबाणी नव्हती. आणीबाणी आता आली.

"माझी सावली कुणी नेली?" महाराज गरजले.

ताबडतोब डॉक्टर करकोचे यांना बोलावणं गेलं. डॉक्टर करकोचे हे करकोचा पक्षी होते. दर हिवाळ्यात ते परदेशातून यायचे, म्हणजे विद्वानच. ते कायम एका पायावर उभे असायचे. दोन्ही पाय जमिनीवर असलेल्याला तज्ज्ञ कोण म्हणणार? या खेपेला महाराजांसाठी म्हणून ते उन्हाळाभर थांबले. उतरले होते सोंडाजीशेठच्या वखारीत. तिथे पाहुण्यांची सोय चांगली होती.

डॉक्टरांनी दरबारातल्या वाळूत चोचीनं दोन रेषा काढल्या. एक वर जाणारी, एक खाली येणारी.

"ही वर चाललीय ती पिल्लं," डॉक्टर म्हणाले. "ही खाली आलीय ती झाडं. डेटा अगदी क्लिअर आहे. पिल्लं वर, झाडं खाली."

"वाहवा!" दरबार म्हणाला.

महाराजांनी रेषांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ते नदीतून तरंगत जातात, ते ओंडके कुठल्या रेषेत येतात?"

"तो वेगळा विषय आहे, महाराज. माझा अभ्यास जमिनीवरचा."

सोंडाजीशेठनी अगदी वेळेवर महाराजांवर पानांचं छत्र धरलं. महाराजांना बरं वाटलं आणि ते प्रश्न विसरले.

रेषा खोट्या नव्हत्या हं, मुलांनो. पिल्लं खरंच वाढली होती, झाडं खरंच घटली होती. दोन खऱ्या रेषा घेऊन किती छान खोटं बोलता येतं, ते तुम्ही मोठेपणी शिकालच.

दुसऱ्या दिवशी हौसाक्काला दरबारातून बोलावणं आलं. तिला वाटलं, पुन्हा सत्कार. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. नेसताना काट्यांनी त्याला चार भोकं पडली, ती तिनं पदराखाली झाकली. वर महाराजांनी दिलेला शेला घेतला. तानीला म्हणाली, "नारळ आणला तर खोबरं धाडते तुला."

दरबारात डॉक्टरांनी विचारलं, "बाई, या जंगलातली पिल्लं तुम्ही जगवलीत?"

हौसाक्काची मान ताठ झाली. "व्हय तर! समदी म्याच जगवली."

"सगळी?"

"एकबी सुटलं न्हाई माझ्या हातनं," ती अभिमानानं म्हणाली.

"गुन्हा कबूल आहे," डॉक्टर महाराजांकडे वळून म्हणाले.

हौसाक्काला आधी समजलंच नाही. ती हसऱ्या तोंडानं नारळाची वाट बघत उभी राहिली. मग हुकूम वाचला गेला. आजपासून या जंगलाच्या हद्दीत सुईणपण बंद. जो बाळंतिणीला हात लावील तो हद्दपार.

"पर महाराज," ती म्हणाली, "पाळण्याला तर एक फांदी पुरते. अख्खं झाड..."

"आक्का," सोंडाजीशेठ फार मायेनं म्हणाले, "तुमची ओसरी फांदीची आहे का हो?"

दरबार खो खो हसला. ओसरी काही फांदीची नव्हती. हौसाक्कानं खांद्यावरचा शेला सावरला, तो काट्यांत अडकून टरकन फाटला आणि ती तशीच घरी आली.

त्या दिवशी ती कठड्याला टेकली नाही.

बंदी आली आणि पिल्लं पुन्हा मरायला लागली. डॉक्टर करकोच्यांनी कळवलं की पहिले निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत.

आता गंमत ऐका. ज्या सशिणींनी "बास झालं" म्हटलं होतं, त्यांच्या पोटात भीती शिरली. तानीचं एक पिल्लू त्या उन्हाळ्यात तापानं गेलं होतं. उरलेल्या दोघांचा काय भरवसा? तिची सासू म्हणाली, "दोन हातात राहायला हवीत तर सहा होऊ दे गं बाई." घरोघरी सासवा हेच म्हणाल्या. ज्यांना तीन पुरत होती त्या आठ-आठ मागायला लागल्या. मेली त्यांच्याहून जगली ती जास्तच निघाली.

आणि प्रत्येक बाळाला पाळण्याचं झाड आलंच. जगणाऱ्याला आलं, मरणाऱ्यालाही आलं. शेठ मेलेल्या बाळाच्या पाळण्यासाठी पाडलेलं झाड परत थोडंच उभं करणार?

डॉक्टरांची वर जाणारी रेषा आणखी वर गेली. "उपाय लागू पडतोय," डॉक्टर म्हणाले. "फक्त मात्रा वाढवायला हवी." बंदी आणखी कडक झाली.

तानीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा नवरा हौसाक्काच्या दारात आला. कान पाडून उभा राहिला.

"आक्का, चला."

हौसाक्का आत बसली होती. तिनं दार उघडलं नाही. "मला बरं न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आईला म्हणावं पंजे धुऊन घे. रिठा घाल पाण्यात."

"रिठा कुठला आणू? रिठ्याची झाडं राहिली कुठं?"

तो बराच वेळ उभा राहिला. मग गेला.

तानीची या खेपेची सगळी पिल्लं गेली. पाच होती. हौसाक्का दुसऱ्या दिवशी पेज घेऊन गेली. तानी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिनं ना पेज घेतली ना तोंड वळवलं.

"तानी."

"पेज ठेवा आणि जावा," तानी म्हणाली. "मी नावं ठेवली हुती त्यांची. प्वाटात असतानाच ठेवली हुती. तुमच्या भरवशावर."

हौसाक्का घरी आली आणि तिनं ओसरीचा कठडा दातांनी कुरतडून टाकला. सायाळीला राग आला की ती तेच करते. पण तिला राग नक्की कुणाचा आला होता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तानी पुन्हा गरोदर राहिली. या वेळी तिचा नवरा दारात आला नाही. हौसाक्काच आपण होऊन गेली. लपतछपत नाही, चांगली टळटळीत दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लपायचं म्हटलं असतं तरी लपायला झाडं नव्हती. कंबरेला रिठ्यांची पुरचुंडी होती. कुठून कुठून हिंडून गोळा केली होती.

तानीनं तिच्याकडे पाहिलं आणि नुसता पंजा पुढे केला. हौसाक्कानं तो धरला आणि खेकसली, "वरडून काय हुतंय? जोर लाव!"

दोन झाली. दोन्ही रडली, आणि चांगली खणखणीत रडली. हौसाक्का कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली.

रडणं ऐकून सोंडाजीशेठ आले. शेठना रडणं फार लांबून ऐकू यायचं. कान मोठे ना! त्यांनी सुईणीकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. शेठ मनानं उदार होते. पिल्लं जगल्याचं त्यांना कधीच वाईट वाटलं नाही.

"अभिनंदन, अभिनंदन," शेठ म्हणाले. "टेकडीवर दोन सागवान शिल्लक आहेत. उद्याच पाडून देतो. दोन बाळं, दोन झाडं. जुळलं बघा!"

तानी बाळंतिणीच्या अंथरुणातून म्हणाली, "झाड नको."

"म्हणजे?"

"पाळणाच नको. गवताची टोपली विणलीय मी. दोघं एकाच टोपलीत निजतील."

शेठची सोंड हवेतच थांबली. त्यांनी हौसाक्काकडे पाहिलं. आता मात्र त्यांना ती नीट दिसली.

"तुम्ही शिकवलंत हे?"

हौसाक्कानं शिकवलं नव्हतं. नाही म्हणून मोकळी होता आलं असतं. सागाचे दोन ओंडकेही दारात येऊन पडले असते.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच शिकवलं."

एका घरानं टोपली वापरली तर उद्या दहा घरं वापरतील, हे कळायला डॉक्टर करकोचे व्हावं लागत नाही. शेठ तडक दरबारात गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. "महाराज, आपल्या पूर्वजांची परंपरा बुडाली," ते म्हणाले. "लेकरांना टोपलीत घालतायत. टोपलीत! भाजीसारखं!"

दरबार हादरला. पिल्लं जगवणं हा गुन्हा होता, पण झाड नाकारणं हे पाप होतं. प्रजेच्या भावना दुखावल्या. कुणाच्या दुखावल्या ते शेठनी सांगितलं.

महाराजांनी हवालदार कोळसुंदे यांना बोलावलं. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रा. "या बाईला आत्ताच्या आत्ता जंगलाबाहेर सोडून ये," महाराज म्हणाले.

कोळसुंद्यांनी हौसाक्काला पुढे घातलं आणि दोघं निघाले.

ते चालत राहिले. दोन्ही बाजूंना बुंधे होते, नुसते बुंधे. कोळसुंदे थांबायचे, इकडेतिकडे बघायचे, पुन्हा चालायचे. त्यांची जीभ बाहेर आली.

"आक्का," शेवटी ते म्हणाले, "जंगल नक्की संपतं कुठं?"

"मागंच संपलं की, हवालदार."

"मागं म्हणजे कुठं?"

"त्या टेकडीवर दोन साग हायेत. तेवढंच ऱ्हायलंय. त्याच्या अलीकडं पलीकडं समदं भायेर."

कोळसुंद्यांनी वळून पाहिलं. तिकडे टेकडी दिसत होती. खाली दरबाराची शिळा दिसत होती, शिळेवर महाराज दिसत होते, महाराजांवर धरलेलं छत्र दिसत होतं. मध्ये आडवं असं काहीच नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग महाराजपण..."

"तेबी हद्दपारच की," हौसाक्का म्हणाली. "आपल्या आधीच."

"हे कुठं बोलू नका हां, आक्का. माझी नोकरी जाईल."

त्यांनी तिला तिथेच एका बुंध्यापाशी सोडलं आणि परत जाऊन सांगितलं की काम फत्ते झालं. दरबारात आनंदीआनंद झाला. डॉक्टर करकोच्यांनी जंगल सुईणमुक्त झाल्याचं जाहीर केलं. जंगल वाचलं म्हणून मोठा सोहळा ठरला. सोहळ्याला मांडव हवा, मांडवाला दोन मजबूत खांब हवेत. ते कुठून आले, हे तुम्ही हुशार मुलं आहात, तुम्हीच ओळखा.

इकडे हौसाक्का बुंध्यावर बसून होती. ऊन कलायला लागलं तेव्हा लांबून कुणीतरी येताना दिसलं. तानी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत दोघं. मागून पोटुशी असलेली एक सशीण पाय ओढत येत होती.

"आक्का, हिचे दिवस भरलेत," तानी म्हणाली. "पर इथं हात लावला तर तुमाला पुन्हा धरतील का वं?"

"बंदी जंगलात हाय गं," हौसाक्का म्हणाली. "इथं कुठाय जंगल?"

म्हणाली आणि हसली. मग तिनं चहूकडे पाहिलं, आणि त्यात हसण्यासारखं तिला काही सापडेना. तिनं पदर खोचला आणि त्या सशिणीला म्हणाली, "ये. बस इथं. सावली न्हाई, पर माझी आडोशाला पाठ हाय."

*तात्पर्य:* जंगल तुटायला लागलं की सुज्ञांनी आधी सुईण शोधावी. कुऱ्हाड शोधायला जाऊ नये. कुऱ्हाडीला दांडा असतो, दांड्याला हात असतो, आणि तो हात बहुधा आपल्याच डोक्यावर छत्र धरून उभा असतो.